बैठी बॅटरी

घरी नवी पणती आणली की आई ती लगेच लावत नसे. आधी पाण्यात भिजत घालायची. कोरडी माती तेल पिते आणि वात उपाशी राहते. म्हणून मातीची तहान पाण्यावर भागवायची, तेल वातीसाठी राखायचं. कुंभार संत गोरोबाकाकांचं तेर आमच्या गावापासून जवळ, त्यामुळे मातीच्या भांड्याचा हा स्वभाव आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मला मात्र तो पुन्हा शिकावा लागला. पुण्यातल्या प्रयोगशाळेत सोडियम-आयन बॅटरीचा माझा पहिला सेल तयार झाला, तेव्हा पहिल्या चार्जिंगला जेवढा विद्युतभार आत घातला तेवढा परत आलाच नाही. शंभरातले पंधरा-वीस भाग सेलने ठेवून घेतले. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. नवी पणती तेल प्यायली होती.

बॅटरीत आयनांची येरझार चालते. चार्ज करताना सोडियमचे आयन धनाग्रातून निघून ऋणाग्राच्या कार्बनमध्ये शिरतात. वीज वापरताना ते माघारी येतात, आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने, म्हणजे तुमच्या दिव्यातून किंवा मोटारीतून, वळसा घालून येतात. पहिल्याच फेरीत कार्बनवर एक पातळ पापुद्रा धरतो. त्यात अडकलेलं सोडियम पुन्हा कामाला येत नाही. पण पापुद्रा नीट धरला नाही, तर पुढे प्रत्येक फेरीत थोडं थोडं नुकसान होत राहतं. म्हणून ही पहिली पट्टी सगळ्यांनाच भरावी लागते.

लिथियमच्या बॅटरीतही हेच घडतं, फक्त प्रवासी वेगळा. लिथियमचा अणुभार ७, सोडियमचा २३. आयनही आकाराने मोठा. लिथियमला ग्रॅफाइट मानवतं. त्याचे थर भाकरीच्या चवडीसारखे नीट रचलेले असतात आणि दोन भाकरींच्या मधे लिथियम अलगद जाऊन बसतं. सोडियमला तिथे बसता येत नाही. त्याला हवी विस्कटलेली चवड, फटी आणि पोकळ्या असलेली. अशा कार्बनला आम्ही हार्ड कार्बन म्हणतो. २००० साली कॅनडातल्या स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून तो बनवला आणि त्यात सोडियम भरपूर साठतं हे दाखवलं. वर्षानुवर्षं मागे पडलेल्या सोडियमला तिथून पुन्हा भाव आला.

या गोष्टीत पुण्याचा वाटा ठळक आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वाळलेल्या पानांपासून विद्युतभार साठवणारा कार्बन तयार केला. तो सुपरकपॅसिटरसाठी होता, पण पालापाचोळ्याकडे कच्चा माल म्हणून बघायची सवय आमच्या पिढीला अशा कामांनी लावली. पुढे डॉ. ओगले पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत होते. तिथल्या संशोधनाच्या साथीने केपीआयटी टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. किलोमागे १०० ते १७० वॅट-तास, आणि ३००० ते ६००० वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता शाबूत, असे आकडे कंपनीने दिले.

हे गावी सांगितलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकच विचारलं, "तुझ्या मिठाच्या बॅटरीवर मोटार चालंल का गं?"

ज्यांनी आयुष्यभर रात्रीच्या लाईटवर उसाला दारं धरली, पायाखालचं जनावर बॅटरीच्या उजेडात चुकवलं, त्यांचा प्रश्न दुसरा काय असणार? म्हणून मी विहिरीवरच्या मोटारीचाच हिशेब मांडला. पाच एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॅट. तीन तास चालवली तर ११ युनिट लागतात. किलोमागे १२० वॅट-तास धरले, तर सोडियमचे सेल सुमारे ९३ किलो भरतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे, किलोमागे १६० धरले, तर ७० किलो. फरक २३ किलोंचा, युरियाच्या ४५ किलोच्या गोणीच्या निम्मा. मोटारसायकलवर हा निम्मा भार रोज वाहायचा तर तो दोषच. पण विहिरीशेजारच्या खोलीत ठेवायची बॅटरी कुठे फिरायला जाणार आहे? सोडियमचा सर्वांत मोठा दोष बैठ्या बॅटरीत दोष उरत नाही. माझ्या मते या तंत्रज्ञानाची खरी जागा गाडीत नाही. ती उपकेंद्राच्या कुंपणाच्या आत आहे.

कच्च्या मालाचं म्हणाल तर सोडियम मिठातून येतं. मिठागरं आपल्या किनाऱ्यावर आहेत, धनाग्राला लागणारं मँगनीज नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत आहे. सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा वर्ख चालतो. लिथियमला एका बाजूला तांब्याचा लागतो. डीपीतलं तांबं रातोरात गायब होतं त्या मुलखाला याचं महत्त्व काय सांगावं! तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं चिपाड यांपासूनही हार्ड कार्बन होतो. मात्र भट्टीत हजार अंशांच्या वर तापवावं लागतं आणि राखेतले क्षार आम्लाने धुऊन काढावे लागतात. प्रत्येक शेतातली राख वेगळी, त्यामुळे प्रत्येक खेपेचा कार्बनही वेगळा. तेव्हा तुराट्यांना सोन्याचा भाव येणार असं कुणी सांगत आलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आमच्या चुकांचंही सांगते. एका पावसाळ्यात धनाग्राची पूड मोकळ्या हवेत थोडी जास्त वेळ राहिली. ही पूड दमट हवा खाते आणि तिच्यावर अल्कली तयार होते. दुसऱ्या दिवशी लेप घोटायला घेतला तर त्याची जेली झाली. आठवड्याची मेहनत कचऱ्यात गेली. मीठ स्वस्त आहे, म्हणून बॅटरी आपोआप स्वस्त होत नाही. कोरडी खोलीही विकत घ्यावी लागते.

बाजाराने तर याहून मोठा धडा दिला. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या घरात गेलं, तेव्हा सगळ्यांना सोडियम आठवलं. २०२४ मध्ये तोच भाव एक लाखाच्या खाली आला आणि सोडियमचं स्वस्तपण विरघळलं. अमेरिकेतली नेट्रॉन ही सोडियम बॅटरीची कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. दुसरीकडे, चीनच्या हुबेई प्रांतात २०२४ मध्येच १०० मेगावॅट-तासांचं सोडियम साठवण केंद्र ग्रिडला जोडलं गेलं. म्हणजे तंत्र चालतं. परवडतं का, हा प्रश्न उरतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा नाही. कौडगावात महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. वाशी, भूम, कळंबच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून कृषिपंपांना दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे. मोटारीला दिवसाची लाईट मिळाली की तिला बॅटरीची गरजच कमी होते, हे मी अण्णांनाही सांगितलं. बॅटरी लागते ती दिवेलागणीला: सूर्य गेलेला, पण पिठाची गिरणी, दूध थंड करणारं यंत्र, पोरांचा अभ्यास चालू. दुपारची वीज रात्री दहापर्यंत पुरवणं हे चार तासांचं काम बॅटरीचं. उन्हाळ्यातली वीज पावसाळ्यासाठी राखणं हे तिचं काम नव्हे. ते तिच्याकडून मागूही नये.

एक शंका माझीच आहे. सोडियमच्या सेलमधला तो पापुद्रा लिथियमच्या पापुद्र्यापेक्षा सहज विरघळतो, आणि उष्णतेत त्याची झीज वाढते. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. प्रयोगशाळेतल्या पंचवीस अंशांवर मोजलेलं आयुष्य माळावरच्या पत्र्याच्या खोलीत किती उतरेल, हे कागदावर ठरत नाही.

म्हणून मोठ्या घोषणेआधी एवढंच करावं. जिल्ह्यातली एक सौर वाहिनी निवडावी. तिच्या उपकेंद्रात सोडियमची एक बॅटरी आणि शेजारी तेवढ्याच क्षमतेची लिथियम-आयर्न-फॉस्फेटची एक ठेवावी. तीन उन्हाळे दोन्ही सारख्या चालवाव्यात. किती वीज भरली, किती परत आली, आतलं तापमान किती होतं, याची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी, जिथे कुणालाही वाचता येईल. तिसरा उन्हाळा सरला की अण्णांच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं सरळ उत्तर देईन.