‘आई हवी की बाबा?’ हे मी विचारत नाही

मुलाच्या ताब्याचं प्रकरण कुटुंब न्यायालयाकडून माझ्याकडे येतं, तेव्हा आई-वडील दोघांनाही वाटत असतं की मी त्यांच्या बाजूनं बोलावं. कुणी जाडजूड फाइल पुढे ठेवतं, कुणी मोबाइलमधलं रेकॉर्डिंग ऐकवायला लागतं. मी सगळं ऐकून घेते. पण 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं 12वं कलम तज्ज्ञाला बोलावतं ते न्यायालयाच्या मदतीला. फी कुणीही भरो, मला बघायचं असतं ते मूल.

‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. पुरेशी समज आलेल्या मुलाची पसंती न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, अशी तरतूद 1890च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे. ते काम त्यांचं. मी मुलाचा दिवस विचारते. सकाळी कोण उठवतं? वेणी कोण घालतं? रात्री ताप भरला तर हाक कुणाला मारतेस? आणि इथलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जाऊ शकतं, हे आधीच सांगते. गुपित राखायचं खोटं वचन मुलाला देऊ नये.

मुलाला एकदा आईनं आणावं आणि एकदा वडिलांनी, हा माझा हट्ट असतो. आईबरोबर आलेल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलीनं ‘बाबा माझा मानसिक छळ करतात’ असं घडाघडा सांगितलं. म्हणजे काय करतात, विचारलं तर गप्प. पुढच्या खेपेला वडील घेऊन आले. दारातून आत येताना तिनं मागे न बघताच दप्तर खांद्यावरून सोडलं, त्यांनी ते वरच्या वर झेललं आणि बाटलीचं झाकण उघडून तिच्या हातात दिलं. दोघांनाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

अशा वेळी ‘मूल पढवलेलं आहे’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ज्याची भीती वाटते त्याच्याशीही मूल सवयीनं लाडात वागू शकतं. म्हणून मी दोन्ही प्रसंग जसेच्या तसे लिहिले, शाळेतल्या बाईंशी बोलले, मुलीला पुन्हा भेटले. ‘पॅरेंटल एलिएनेशन’, म्हणजे एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध वळवणं, हा शब्द हल्ली वकिलांच्या तोंडी फार असतो. प्रत्यक्ष वागण्याचे प्रसंग दाखवल्याशिवाय घाईनं कुठल्याही पालकावर असा शिक्का मारू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024मध्ये बजावलं, ते अगदी योग्य झालं. या शिक्क्याखाली एखाद्या मुलाची खरी तक्रारही दबून जाते.

अहवालात पाहिलेलं, ऐकलेलं आणि माझा अंदाज यांची मी सरमिसळ करत नाही. ज्याला भेटलेच नाही, त्याला आजाराचं नाव देत नाही. आईच्या नैराश्याच्या गोळ्यांची चिठ्ठी पुरावा म्हणून पुढे येते, तेव्हा मला संताप येतो. उपचार घेणारी आई मुलाला सांभाळू शकते की नाही, ते तिच्या सांभाळण्यावरून ठरवा, चिठ्ठीवरून नको.

तुमचा असा दावा चालू असेल, तर एवढं करा. इथे आणताना मुलाला काही शिकवू नका. ‘तू जे सांगशील ते आम्हाला दोघांनाही चालेल,’ एवढंच म्हणा. आणि घरी जाताना रिक्षात ‘काय काय विचारलं?’ असं विचारू नका.