पीयूषिका

‘पिट्यूटरी’ या नावाच्या लॅटिन मुळाशी कफ आहे; मराठीने तिला पीयूषिका, म्हणजे अमृत स्रवणारी, म्हटले. या ग्रंथीवरील गाठ काढल्यानंतर माझी डेक्सा तपासणी झाली आणि चाळिशीतच माझी हाडे विरळ झाल्याचे कळले.

उपाय होता टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. मी महिनाभर टाळाटाळ केली. ‘पुरुषत्वाचे औषध’ घेणे ही मला नामुष्कीची कबुली वाटे. पुढे वाचनात आले, की पुरुषाच्या देहातही टेस्टोस्टेरॉनच्या काही अंशाचे इस्ट्रोजेन होते आणि हाडांची झीज मुख्यतः तेच रोखते. १९९४ साली अशा एका २८ वर्षांच्या तरुणाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याच्या देहाला इस्ट्रोजेनची हाकच ऐकू येत नव्हती. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही त्याची हाडे विरळ होती. अर्धनारीनटेश्वर ही कल्पना मी वर्षानुवर्षे शिकवली. ती माझ्या अस्थींत आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

आमच्या मांजरीत द्राक्षवेलींची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मग नवी फूट येते. हाडही असेच: जुने खरवडायचे, नवे भरायचे. संप्रेरक आटले, की छाटणी चालूच राहते, फूट मागे पडते.

आता मी इंजेक्शनची तारीख चुकवत नाही.