मलप्रभा ओलांडून धारवाडला

बेळगावहून निघालेली बस एम. के. हुबळीच्या पुलावर आली की आमच्या घरातल्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला, "मलप्रभेला पाणी किती आहे गं?" पूर्वी सासूबाई विचारायच्या, आता मी विचारते. यावेळी लेकीने खिडकीबाहेर न बघताच उत्तर दिले, "नदीत किती आहे ते राहू दे आई, नळाला कितव्या दिवशी येते ते विचार." झाले! तिच्या एम.टेक.चा विषय पुन्हा निघाला. त्यासाठीच तर आम्ही धारवाडला निघालो होतो.

लेक इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. पुढे 'सिस्टम्स अँड कंट्रोल' शिकायचे म्हणते. नातेवाईक विचारतात, "म्हणजे कॉम्प्युटरचेच ना?" मलाही आधी तसेच वाटे. तिने मला गच्चीवरच्या टाकीशी नेऊन समजावले. पाणी वर चढले की टाकीतला चेंडू उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. किती भरले यावरून किती सोडायचे ते ठरते. यालाच फीडबॅक म्हणायचे. "एवढ्यासाठी दोन वर्षे?" मी म्हटले. "आणि शंभर टाक्या असल्या तर? सोडलेले पाणी पोचायलाच चार तास लागत असले तर?" यावर मी खाली येऊन कुकर लावला.

विद्यापीठ निवडताना खरी अडचण या नावाचीच आहे. नॉर्बर्ट वीनरचे 'सायबरनेटिक्स' १९४८ चे, तर बेर्टालन्फी या जीवशास्त्रज्ञाचे 'जनरल सिस्टम थिअरी' १९६८ चे. तेव्हापासून 'सिस्टम' या पाटीखाली कुठे गणित शिकवतात, कुठे मॅनेजमेंट, कुठे निव्वळ संगणक. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात सिस्टम डायनॅमिक्सची मास्टर्स आहे. लोकसंख्या, मासेमारी, रोगराई असे प्रश्न त्यात घेतात. तिथे आपल्या मुलांनाही फी पडत नसे. पण २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना फी लागू झाली आणि आमच्या यादीतून ते नाव गेले. पवईच्या आयआयटीत 'सिस्टम्स अँड कंट्रोल' हा स्वतंत्र एम.टेक. आहे, 'गेट'च्या गुणांवर प्रवेश मिळतो. आणि धारवाड? तिथे २०१६ पासून आयआयटी आहे, २०१५ पासून आयआयआयटी आहे, आणि हुबळीचे १९४७ चे बीव्हीबी कॉलेज २०१५ मध्ये केएलई तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. माझे मन धारवाडकडे. कारण सरळ आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे नोकरीनिमित्त बाहेरगावी, आणि धारवाड म्हणजे दोन तासांची बस. हे कारण मी लेकीला सांगितले नव्हते. तिला ते ठाऊक होते.

मालमड्डीत मावशीचे घर आहे. काका गणिताचे निवृत्त शिक्षक. "बर्री, कूडरी," म्हणून त्यांनी लेकीला समोर बसवले. घरात बोलणे निम्मे मराठी, निम्मे कन्नड. पण गणित आले की काका कन्नडवर जातात. त्यांनी कॉलेजांची चौकशी केलीच नाही. विचारले, "तुला कंट्रोल कशाचा करायचा आहे?"

"पाण्याचा."

यावर मावशीच पुढे सरसावली. हुबळी-धारवाडला पाणी येते ते सौंदत्तीजवळच्या रेणुकासागर धरणातून, म्हणजे आपल्या कणकुंबीच्या मलप्रभेचेच. किती वर्षे ते चार-आठ दिवसांतून एकदा यायचे. नवे पाणी आले की मावशी भांड्यांतले जुने ओतून टाकायची, आणि गल्लीतल्या सगळ्याच बायका तेच करायच्या. टंचाई म्हणून साठा, आणि साठा शिळा म्हणून नासाडी! २००८ मध्ये बेळगाव, गुलबर्गा आणि हुबळी-धारवाडच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. पुढे २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्येच दोन्ही प्रकारच्या नळांचे नमुने तपासले, तेव्हा अधूनमधून येणारे पाणी जास्त दूषित आढळले. पाणी थांबले की पाइपातला दाब जातो आणि बाहेरची घाण आत शिरू शकते. लेकीने हे वाचलेले होते. मला मात्र पहिल्यांदा कळले की ही टाकीतल्या चेंडूची गोष्ट नव्हे.

काकांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "प्रश्न इथला आहे म्हणून शिक्षण इथेच घ्यावे असे नाही. या प्रश्नाचे गणित करणारा शिक्षक कुठे आहे ते बघ. तो धारवाडात असला तर राहा. आईसाठी राहू नको." मी चहाचे कप उचलून आत गेले.

दुपारी विद्यापीठाच्या टेकडीवर गेलो. छोटा महाबळेश्वर म्हणतात तिला. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले तेही मुंबईत, धारवाडला आले नंतर. त्याआधी आपल्याकडची मुले मुंबई विद्यापीठाचीच पदवी घेत. १९५४ ते १९६७ अशी तेरा वर्षे इथे कुलगुरू होते डी. सी. पावटे. गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले आणि केंब्रिजला जाऊन गणितातले रँग्लर झाले. रँग्लर म्हटले की आपल्याला परांजपेच आठवतात. आपल्याच जिल्ह्यातला हा दुसरा रँग्लर आपण विसरतो. लेक म्हणाली, "बघ, तेही गेलेच होते." मी म्हटले, "आणि परतही आले."

मग चिगरीने हुबळीला. चिगरी म्हणजे हरीण. रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या मार्गिकेतून धावणारी ही बस. गाडी उशिरा आली तर स्टॉपवर माणसे साठतात, साठली की चढायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी उशीर करते आणि मागची तिला येऊन गाठते. नवलूरपर्यंत लेक मला हे बोटांवर मोजून दाखवत होती. समोरच्या सीटवरची आजी मान वळवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हौदु, हौदु, दिना हंगे आगतद." होय होय, रोज असेच होते!

परतताना धारवाडला पेढे घेतले. स्टँडवर तिने वहीचे पान पुढे केले. पहिले पवई, दुसरे धारवाड आयआयटीत संशोधनातून मास्टर्स, पुढे तीन नावे. 'गेट' फेब्रुवारीत. प्रत्येक नावापुढे तिथल्या एकेका शिक्षकाच्या कामाबद्दल दोन ओळी लिहिलेल्या. घराचे अंतर कुठेच लिहिलेले नव्हते. मी पान परत दिले, "लीनिअर सिस्टम्स म्हणजे काय ते जाता जाता सांग" म्हटले आणि कित्तूर येईपर्यंत ऐकले. निम्मे समजले असेल.

घरी सासूबाई जाग्या होत्या. पेढा हातात घेऊन नातीला म्हणाल्या, "काय ठरले?"

"आजी, मुंबई पहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "माझ्या गोळ्यांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लाव. आणि फॉर्म भर."

कागद लावला आहे. फॉर्म सप्टेंबरात भरला.