ब्रायटनची खडी

गिरगावात वाढलेल्या माणसाला 'समुद्र पाहायला जाणे' ही कल्पनाच मुळात चमत्कारिक वाटते. आमच्या चाळीपासून चौपाटी दहा मिनिटांवर. परीक्षेचा निकाल लागला की चौपाटी, घरात भांडण झाले की चौपाटी, पाहुणे आले की भेळ खायला चौपाटी. नारळी पौर्णिमेचा नारळ आणि अनंत चतुर्दशीचा गणपती हेही तिथेच. घराच्या मागच्या पडवीत जावे तसे आम्ही समुद्रावर जात असू, आणि पडवी काही कोणी पाहायला जात नाही. समुद्र पाहावा म्हणून मी पहिल्यांदा गेले ती चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि तीही इंग्लंडात.

२०१६ साली यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही वर्षभर लंडनला होतो. महाविद्यालयातून मी बिनपगारी रजा घेतली होती. तिथे दोन मैत्रिणी मिळाल्या, एक दादरची आणि एक लालबागची. मुंबईत असतो तर आमची ओळखही झाली नसती. डिसेंबरातल्या एका रविवारी तिघी व्हिक्टोरिया स्थानकावर भेटलो. ठरले होते ते एक चित्रप्रदर्शन पाहायचे. पण गाड्यांच्या फलकाकडे पाहता पाहता दादरकरीण म्हणाली, "अगं, ही बघ ब्रायटनची गाडी. तासाभराचा तर प्रवास. जाऊ या का?" घरी फोन झाले, तिकिटे निघाली आणि पिशवीतल्या चिवड्याच्या डब्यासह आम्ही गाडीत बसलो.

गाडी हलल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ब्रायटन म्हणजे 'सागरास' ही कविता. १० डिसेंबर १९०९ रोजी निरंजन पाल या मित्रासोबत सावरकर त्या किनाऱ्यावर होते आणि तिथेच ती कविता झाली, हे मी वर्गात कितीतरी वर्षे सांगत आले होते. त्याच वर्षी थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, लंडनमध्ये पोलिसांची पाळत, मागे परतण्याची वाट बंद. पुढे १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना अटक झाली ती आम्ही गाडी पकडली त्याच व्हिक्टोरिया स्थानकावर. मी हे सारे उत्साहाने सांगितले. दादरकरणीला निरंजन पालांची हकिकत अधिक आवडली, कारण हाच माणूस पुढे मुंबईला येऊन बॉम्बे टॉकीजसाठी लिहू लागला. 'अछूत कन्या'ची कथा त्याची. लालबागकरीण खिडकीबाहेर पाहत होती.

ब्रायटनला पोहोचलो आणि पहिला धक्का बसला तो पायांना. तिथे वाळूच नाही. मैलभर नुसती गुळगुळीत, तपकिरी खडी. चालताना पाय घसरतो, आणि लाट मागे सरकताना ती खडी खडखडत तिच्यामागे ओढली जाते. किल्ला बांधता येणार नाही, नाव लिहिता येणार नाही. एका बाजूला १८९९ साली खुला झालेला, म्हणजे त्या दोघा मित्रांनीही पाहिलेला, दिव्यांनी लखलखणारा धक्का. दुसऱ्या बाजूला २००३ साली जळालेल्या जुन्या धक्क्याचा लोखंडी सांगाडा पाण्यात उभा. चार वाजायच्या आतच सूर्य खाली गेला. आम्ही कोटांची बटणे गळ्यापर्यंत लावून खडीवर बसकण मारली आणि डबा उघडला.

तीन मुंबईकरणी समुद्रासमोर बसल्यावर बोलणे मुंबईच्याच समुद्रावर जाणार. दादरकरणीचा समुद्र शिवाजी पार्कामागचा, दरवर्षी थोडा थोडा किनारा गिळणारा. "सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांसाठी आमचे बाबा दारात पाण्याचं पिंप भरून ठेवायचे," ती म्हणाली. मी गिरगावची, चौपाटीवर टिळकांना अग्नी दिला, त्या गर्दीत आमचे पणजोबा होते, ही आमची घराण्यातली कथा. लालबागकरीण मात्र म्हणाली, "आम्हांला समुद्र वर्षातनं एकदाच. राजाच्या मागनं चालत चालत तुझ्या गिरगावला. पण माझ्या बाबांना तो रस्ता होता. भाऊच्या धक्क्यावरनं बोटीत बसलं की गाव."

तिचे वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच; पुढे त्यांनी पडतील ती कामे करून मुलीला शिकवले. आदल्या वर्षी ते गेले. तेव्हा हिचा पासपोर्ट मुदतवाढीच्या अर्जासोबत एका कचेरीत अडकलेला. तिकिटाला पैसे होते, रजा मंजूर होती, पण हातात पासपोर्ट नव्हता. भावाने फोनवर अंत्ययात्रा दाखवली. मध्येच रेंज गेली. हे तिने आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितले, चिवड्यातले शेंगदाणे निवडत.

मला काय बोलावे ते सुचेना. आणि सुचेना तेव्हा मास्तरकीचा आधार घ्यावा, तसे मी म्हणाले, "ती कविता म्हणू का?" ती चटकन म्हणाली, "नको गं. त्यांना सरकार धरणार होतं. मी एका कागदासाठी अडकले. आणि तुझ्याकडे तर पासपोर्टही आहे नि तिकीटही. आपण कसल्या समुद्राशी भांडणार?"

मग तिने बूट-मोजे काढले, खडीवरून तोल सावरत पाण्यापर्यंत गेली आणि त्या बर्फगार पाण्यात घोटाभर उभी राहिली. दोन ओंजळी पाणी सोडले. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. परत आली तेव्हा तिचे पाय निळे पडले होते. दादरकरणीने आपली शाल काढून तिच्या पायांना गुंडाळली, आणि कोणी काही बोलले नाही.

त्याच समुद्राने असे आणखीही काही सामावून घेतले आहे, हे मला नंतर कळले. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. ब्रायटनच्या इस्पितळांत दगावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख जवानांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झाले आणि त्यांची रक्षा याच समुद्रात सोडली गेली. त्यांच्या घरच्यांना तर फोनवरही काही दिसले नाही.

परतल्यावर मी ती कविता पुन्हा शिकवली, पण माझे शिकवणे बदलले होते. पूर्वी मी ती केवळ देशभक्तीची कविता म्हणून शिकवीत असे. आता मला तीत आधी भांडण ऐकू येते. फसवून नेल्याची तक्रार, शपथा, आणि शेवटी समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तीकडे गाऱ्हाणे नेण्याची धमकी. थोरल्यांकडे तुझे नाव सांगेन, म्हणणाऱ्या हतबल मुलासारखी. आणि मग मी इतिहासाची क्रूर थट्टा सांगते. कविता झाल्यानंतर सात महिन्यांनी, जुलै १९१०मध्ये, समुद्राने या माणसाला खरोखरच मुंबईच्या किनाऱ्यावर परत आणून सोडले, कैदी म्हणून. वाटेत मार्सेय बंदरात त्याने बोटीतून उडी घेतली होती, तीही फुकट गेली. आणि पुढच्याच वर्षी समुद्र त्याला अंदमानला घेऊन गेला. परत येणे आणि घरी येणे या दोन गोष्टी एक नाहीत.

सावरकरांच्या राजकारणाविषयी वर्गात मते दोन टोकांची असतात, आणि असावीत. पण हे भांडण ऐकायला त्या मतांची अडचण होत नाही. गेल्या वर्षी तास संपता संपता मी विचारले, "तुमच्या घरचे कोणी असे दूर अडकलेय का?" मागच्या बाकावरचा, परळहून येणारा मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मालवाहू जहाजावर खलाशी. म्हणाला, "मॅडम, आमचे पप्पा नऊ महिने समुद्रावर असतात. आजी गेली तेव्हाही होते. परत आले की चौपाटीला चला म्हटलं तरी येत नाहीत. म्हणतात, मला पाणी दाखवू नका."

मी त्याला बस म्हणाले. त्या दिवशी मला वर्गात पुढे काही सांगता आले नाही.

लालबागकरणीचा मधून मधून फोन येतो. अजून ती तिकडेच आहे.