कप्तानाची झोप

ओव्हलवरच्या १९७१ च्या कसोटीचा धावफलक परवा वाचत होतो आणि एका ओळीपाशी अडकलो. वाडेकर, धावबाद ४५. आदल्या संध्याकाळी भारत २ बाद ७६ होता आणि कप्तान वाडेकर ४५ वर नाबाद. जिंकायला ९७ धावा हव्या होत्या. सकाळी एकाही धावेची भर न घालता डॉलिव्हेराच्या फेकीवर तो बाद झाला, ड्रेसिंगरूममध्ये आला आणि झोपला.

खरोखर झोपला. बाहेर सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनिअर एकेक धाव जोडत होते, इंग्लंडमध्ये भारत पहिल्यांदाच कसोटी जिंकायला निघाला होता, आणि कप्तान गाढ झोपेत. अबिद अलीने चौकार मारला, लोक मैदानात धावले, तेव्हा इंग्लंडच्या केन बॅरिंग्टनने येऊन त्याला उठवलं आणि जिंकल्याचं सांगितलं.

हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. मला त्यात कप्तानपणाची खरी खूण दिसते. लग्नघरातला कर्ता माणूस पंगत बसली की कुठल्याशा खोलीत गाद्यांच्या ढिगाला टेकतो आणि त्याचा डोळा लागतो, तशी ती झोप. आदल्या दिवशी इंग्लंडला १०१ त गुंडाळलं होतं. फिरकीपटू चंद्रशेखर त्याआधीच्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर नव्हता. पोलिओने बारीक झालेल्या त्याच्या उजव्या हातावर पुन्हा भरवसा टाकणं हा जुगारच मानला गेला होता. त्याच हाताने ३८ धावांत ६ बळी घेतले. एडरिचचा त्रिफळा उडाला, पुढच्याच चेंडूवर फ्लेचर सोलकरच्या हातात. तो सोलकर शॉर्टलेगला फलंदाजाच्या इतका जवळ उभा असायचा की नुसतं छायाचित्र पाहूनही आपण मागे सरकतो. कुणाला कुठे उभं करायचं, कुणाच्या हातात चेंडू ठेवायचा, ते सगळं ठरवून झालं होतं. उरली होती बॅट, आणि ती आता दुसऱ्यांच्या हातात होती.

किंग्स्टनला मात्र वाडेकर टक्क जागा होता. त्याच वर्षीचा वेस्ट इंडीज दौरा, पहिली कसोटी. पहिला अख्खा दिवस पावसात गेला. मग ५ बाद ७५ वरून दिलीप सरदेसाईने २१२ काढले आणि भारत ३८७ पर्यंत गेला. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० हव्यात. पण पहिला दिवस वाहून गेल्यावर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० पुरतात. वाडेकरला हे ठाऊक होतं. सोबर्सच्या संघाला ते लक्षातच आलं नव्हतं. दादर-शिवाजी पार्कच्या मुशीतला हा माणूस जगातल्या सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटूला सांगायला गेला की पुन्हा फलंदाजीला या. सामना कन्हायच्या नाबाद १५८ मुळे अनिर्णित राहिला, पण मला वाटतं, मालिका तिथेच वळली. पोर्ट ऑफ स्पेनचा विजय नंतर आला. गावसकरच्या त्या मालिकेतल्या ७७४ धावांचं कौतुक आपण जन्मभर करत राहू, आणि करावंच. त्या धावांना आधी कुणीतरी धीर दिला होता, एवढंही त्यात असू द्यावं.

विजय मर्चंटांच्या निर्णायक मताने पतौडीच्या जागी आलेला हा कप्तान अवघ्या काही महिन्यांत दोन मालिका जिंकून परतला. त्या विजयांप्रीत्यर्थ इंदूरला काँक्रीटची बॅट उभारली गेली. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत संघ बाद झाला, मालिका ३-० ने गेली, आणि त्याच बॅटला लोकांनी काळं फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्याला वगळलं. खेळ थांबवून तो स्टेट बँकेच्या नोकरीत रमला. ३७ कसोटी, २११३ धावा, एकच शतक, वेलिंग्टनचं १४३. मला त्या शतकापेक्षा ओव्हलचे ४५ जास्त आवडतात.

जवळजवळ वीस वर्षांनी तो संघाचा व्यवस्थापक म्हणून परतला. अझरुद्दीन कप्तान, कुंबळे, राजू, चौहान या फिरकीपटूंनी १९९३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानांवर ३-० ने लोळवलं. मग मार्च १९९४, ऑकलंडचा एकदिवसीय सामना. सिद्धूची मान आखडली होती, सलामीला माणूस हवा होता. वीस वर्षांचा सचिन वाडेकर आणि अझरुद्दीनपाशी गेला आणि मला एक संधी द्या म्हणून गळ घालू लागला. मधल्या फळीतला आपला सर्वांत मोलाचा फलंदाज नव्या चेंडूपुढे धाडायचा, आणि तोही न्यूझीलंडच्या हवेत. त्यांनी जा म्हटलं. सचिनने ४९ चेंडूंत ८२ केल्या.