तक्रार करणारी गाणी

परक्या भाषेतला शब्द आपल्याला पहिल्यांदा कुठे भेटतो, यावर त्याचे आपल्याशी नाते ठरत असावे. जर्मन भाषेतला 'रेक्लमात्सिओन' हा शब्द मला कारखान्यात भेटला. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आहेत. त्यातल्या एकात मी भाषांतराचे काम करीत असे. माल सदोष निघाला की तिकडून येणाऱ्या कागदाच्या डोक्यावर हा शब्द असे. माल परत न्या, भरपाई द्या, असे का झाले ते लेखी कळवा, एवढा सगळा दम त्या एका शब्दात! तो दिसला की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरत.

हाच शब्द गाण्यांच्या एका अल्बमचे नाव आहे, हे कळले तेव्हा मला नवल वाटले. तक्रारीच्या फॉर्मला कोणी चाल लावते का? पण 'वीअर झिंट हेल्डन' या बँडने ती लावली होती. नावाचा अर्थ, 'आम्ही हीरो आहोत'. अल्बम 2003 सालचा. त्यातले 'गुटन टाग' हे गाणे म्हणजे दुकानात माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाचा सूर. फक्त परत करायचा माल म्हणजे बाजाराने गळ्यात मारलेली सगळी स्वप्ने, आणि परत मागायचे ते स्वतःचे आयुष्य. हातात ध्वनिमुद्रण कंपनीचा करार नसताना, थोड्या पैशांत केलेली या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीवर दिसू लागली आणि चार जणांचे नशीब पालटले. तो अल्बम जर्मनीत खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

चौघांत पुढे उभी राहणारी, गाणी लिहिणारी आणि गाणारी युडिट होलोफर्नेस. तिचे खरे आडनाव होल्फेल्डर. युडिट नावाच्या विधवेने होलोफर्नेस या सेनापतीचे शिर उडवल्याची एक जुनी कथा आहे. या बाईने त्या सेनापतीचेच नाव आडनाव म्हणून घेतले. मारणारी आणि मारला गेलेला एकाच नावात! ढोल वाजवणारा पोला रॉय आणि गिटार-कीबोर्डवाला जाँ-मिशेल तुरेत हे दोघे तिला हॅम्बुर्गच्या संगीत विद्यालयातल्या पॉप संगीताच्या वर्गात भेटले. बास गिटारवर मार्क तवस्सोल. हे आडनाव वाचताच माझे कान टवकारले. 'तवस्सुल' हा शब्द आमच्या घरात अब्बांच्या तोंडून मी कितीदा ऐकलेला! हा गडी शिकलेला वैद्यक, आणि वाजवतो जर्मन गाणी.

त्या काळात जर्मनीतले कितीतरी बँड इंग्रजीत गात होते. जगाच्या बाजारात जायचे तर इंग्रजी हवी, असा हिशेब. 1983 साली नेना ही गायिका जर्मन गाण्यानेच जगभर पोचली होती, पण ती लाट केव्हाच ओसरली होती. 'हेल्डन'ने बोलीतली, घरातली, थट्टेची जर्मन पुन्हा गाण्यात आणली. त्यांच्या पाठोपाठ 2004 मध्ये 'युली' आणि 'झिल्बरमोंड' आले. या दोन्ही बँडमध्येही पुढे उभी गायिकाच होती. घरात दखनी, शाळेत मराठी आणि पोटासाठी जर्मन अशा तीन भाषांत वावरलेल्या मला या गोष्टीचे अप्रूप वाटते. 'तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?' या प्रश्नाला उत्तर देऊन दमलेल्या माणसाला कळते, की आपण कोणत्या भाषेत गातो ही साधी बाब नसते.

याच अल्बममध्ये 'म्युसन नुअर वोलन' नावाचे गाणे आहे. अर्थ साधारण असा, की आपल्याला फक्त इच्छा करायची आहे. मनात आणले की माणूस काहीही करू शकतो, या शिकवणीची त्यात रेवडी उडवली आहे. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर अशीच वाक्ये फ्रेम करून लावलेली असत. सकाळी साडेपाचला उठून डबे भरून, कंपनीची बस गाठून, त्या वाक्यांखाली बसून काम करणाऱ्या बाईला ते गाणे समजायला शब्दकोश लागत नाही.

2005 चा 'फॉन हीर आन ब्लिंट' हा दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. युडिट आणि पोला रॉय यांचा संसारही सुरू झाला. 2006 मध्ये त्यांना मुलगा झाला, 2009 मध्ये मुलगी. 2007 मध्ये तिसरा अल्बम आला. दौऱ्याच्या बसमध्ये आता वाद्यांबरोबर लहान मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसेही असत. 2010 च्या चौथ्या अल्बमचे नाव होते 'ब्रिंग मिश नाख हाउझ', म्हणजे 'मला घरी घेऊन चल'. तोही पहिल्या क्रमांकावर गेला. एप्रिल 2012 मध्ये बँडने जाहीर केले, की आता बेमुदत थांबतो आहोत. घर, मुले आणि दौऱ्याचे आयुष्य यांचा मेळ बसेनासा झाला होता.

यशाच्या शिखरावर थांबल्या, म्हणून कौतुक करणे सोपे आहे. मी मात्र त्या बातमीत दुसरेच काही वाचले. बँड थांबला तेव्हा बायकोबरोबर नवऱ्याचेही काम थांबले. मुले दोघांची होती आणि थांबणेही दोघांचे. आमच्या घरी अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा कोणी थांबायचे, याची चर्चाच झाली नाही. माझा पगार भावाच्या पगारापेक्षा कमी नव्हता. तरी राजीनामा मी लिहिणार, हे सगळ्यांनी धरून चालले होते. कोणी वाईट वागले असे नव्हे. भाईजानने औषधपाण्याला कधी हात आखडता घेतला नाही. फक्त विचारायला हवे होते, ते कोणी विचारले नाही. अम्मीची सेवा केल्याचे मला समाधान आहे. ते समाधान आणि ही तक्रार, दोन्ही खरे आहे. एकामुळे दुसरे पुसले जात नाही.

युडिटची तुलना माझ्याशी करणे बरोबर नाही, हे मलाही कळते. तिच्याजवळ नाव होते, पैसा होता. पण मिळालेल्या नावाचे माणूस काय करतो, हेही पाहायला हवे. बर्लिनच्या कला विद्यापीठात ती जाहिरात आणि जनसंपर्काशी संबंधित विषय शिकली होती, म्हणजे या धंद्याची आतली वाट तिला ठाऊक होती. फेब्रुवारी 2011 मध्ये 'बिल्ड' या प्रचंड खपाच्या दैनिकाच्या जाहिरात मोहिमेत येण्याचे तिला निमंत्रण आले. आमच्या पेपरविषयी खरे मत सांगा, आम्ही तुमच्या नावे दहा हजार युरो दान करू, असा तो प्रस्ताव. तिने नकाराचे कडक पत्र लिहिले आणि सगळ्यांसमोर ठेवले. टीकासुद्धा जाहिरात म्हणून विकत घेण्याची ही युक्ती आहे, हे तिने नेमके पकडले होते. गंमत अशी, की 'बिल्ड'ने तेच पत्र 'टात्स' या डाव्या विचारांच्या दैनिकात जाहिरात म्हणून छापले! बाजार तो बाजारच. पण त्यामुळे तिचा नकार वाया गेला असे मला वाटत नाही. दानाचे आमिष पुढे असताना 'नाही' म्हणणे फार अवघड. लोक लगेच विचारतात, गरिबांच्या तोंडचा घास का काढता?

पुढचा प्रवास सुखाचाच झाला असे नाही. 2014 आणि 2017 मध्ये तिने एकटीचे अल्बम काढले. 2022 मध्ये तिचे आठवणींचे पुस्तक आले. त्याच्या नावाचा अर्थ 'दुसऱ्यांची स्वप्ने'. बँड थांबल्यानंतरच्या वर्षांत पुन्हा त्याच चक्रात कसे ओढले गेलो, शरीर कसे थकले, हे तिने त्यात सांगितले आहे. म्हणजे एकदा थांबून भागत नाही. धंदा माणसाला पुन्हा पुन्हा बोलावतो आणि दरवेळी नव्याने ठरवावे लागते. आज ती मोठ्या कंपनीऐवजी श्रोत्या-वाचकांच्या थेट वर्गणीच्या आधारावर लिहिते, गाते.

अम्मीच्या पश्चात मला जुन्या कारखान्यातून बोलावणे आले. मी गेले नाही. घरी बसून भाषांतरे करते, दर मीच ठरवते. कधी महिनाभर काम नसते, तेव्हा पोटात गोळा येतो. भाईजान म्हणतो, 'आपा, पक्की नोकरी बरी होती.' त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण परवा त्याची धाकटी बारावीचा फॉर्म भरताना म्हणाली, 'फूफी, मला जर्मन शिकायचेय.' भाईजानने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, 'तिला विचार, कशासाठी शिकायचेय.' आणि त्याने खरोखरच विचारले.