रक्ताची साक्ष

वार्धक्य सर्वांच्या दारी एकाच वयात येत नाही. कुणाकडे ते पंचाहत्तरीनंतर काठी टेकीत येते, तर कुणाच्या घरात पन्नाशीच्या आतच चोरपावलांनी शिरते. डाऊन सिंड्रोमसह जन्मलेल्या आपल्या बंधुभगिनींच्या बाबतीत हे दुसऱ्या प्रकारचे आगमन अपवाद नसून जवळजवळ नियमच आहे. ज्या घरांत अशी मुले लहानाची मोठी झाली, त्या घरांनाही ही गोष्ट पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण ही माणसे त्या वयापर्यंत पोहोचतच नसत. १९८३ साली अमेरिकेत त्यांचे आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास गेले आहे. हृदयातील जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जंतुसंसर्गावर औषधे मिळाली, आणि आयुष्याची दोरी लांबली. त्या लांबलेल्या आयुष्याच्या उत्तरार्धात अल्झायमरचा विकार उभा असतो. आयुष्यभरात त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश गाठतो.

असे का व्हावे? १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पाँ यांनी दाखवून दिले की, या व्यक्तींच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉईड नावाचे प्रथिन साचते, ते ज्या मूळ प्रथिनापासून तयार होते त्याचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे. जनुकाच्या प्रती दोनऐवजी तीन, म्हणून प्रथिनही अधिक. चाळिशी गाठेपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत त्याचे थर जमू लागलेले असतात. यात कुणा आईबापांच्या हयगयीचा संबंध नाही, की कुणाच्या पापाचाही नाही.

हा साचण्याचा क्रम बाहेरून ओळखावा कसा? इतरांना डॉक्टर तारीख विचारतात, आकडे उलटे मोजावयास सांगतात. ज्याला तारीख कधीच सांगता येत नव्हती, त्याला ती आज सांगता आली नाही यावरून काय निष्कर्ष काढावा? पाठीच्या कण्यातून पाणी काढणे किंवा मोठ्या यंत्रात तासभर निश्चल पडून राहणे हेही त्यांना जड जाते. म्हणून संशोधकांची दृष्टी रक्ताकडे वळली. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बार्सिलोना व केंब्रिज येथील ३८८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मज्जातंतूंची झीज होताना 'न्यूरोफिलामेंट लाईट' नावाचे प्रथिन रक्तात उतरते. त्याचे प्रमाण वयाच्या विशीतच बदलू लागते, मेंदूच्या चित्रात अमायलॉईड दिसू लागते ते तिशीत, आणि स्मृतिभ्रंशाचे निदान होते ते सरासरी ५४ च्या सुमारास, असे त्यात आढळले. 'टाऊ २१७' हे दुसरे प्रथिन तर याहूनही नेमकी खूण देते, असे त्यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्याला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचे रक्त त्याच्या वतीने साक्ष देते.

परंतु साक्ष मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असे नव्हे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली, ती लक्षणे दिसणाऱ्या ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी. ज्यांना हा विकार ५४ व्या वर्षीच गाठतो, ते या रेषेच्या बाहेर राहिले! अमायलॉईड हटविणाऱ्या नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतही त्यांना स्थान नव्हते; शिवाय त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांतही अमायलॉईड साचत असल्याने या औषधांनी रक्तस्रावाचा धोका त्यांना अधिक संभवतो. ज्यांनी निमूटपणे हात पुढे करून जगाला या रोगाचा क्रम शिकविला, तेच पंगतीत शेवटी बसले आहेत.

आमच्या परिचयाच्या एका घरी ४६ वर्षांचा असा एक पुत्र आहे. मिस्सेपूर्वी बाकांवर गीतपुस्तके मांडण्याचे काम तो वर्षानुवर्षे न चुकता करीत असे. पुढे तो चर्चच्या पायरीपाशी थबकू लागला, पुस्तके अर्ध्यावर टाकून बसू लागला. "हट्टी झालाय," असे भाऊ म्हणे. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, थायरॉईडही मंदावलेले आढळले. उपचारांनंतर पायरीचे भय गेले, पण पुस्तके मात्र अजूनही अर्धीच मांडून होतात. त्याच्या वृद्ध मातेने आम्हांस विचारले, "फादर, रक्तावरून कळतं म्हणतात. कळून घ्यावं का? कळलं तर मी काय करू?"

आम्ही तिला सांगितले ते असे. ज्याच्या वागण्यात काहीच फरक नाही, त्याच्या रक्तात आजच भविष्य शोधीत बसण्याचे कारण नाही. फरक पडला असेल तर आधी डोळे, कान, थायरॉईड, झोपेतील श्वास आणि मनाची उदासी तपासावी; यांवर इलाज आहेत. चाळिशीनंतर दरवर्षी डॉक्टरांकडून पाहणी करून घ्यावी. त्याला आज काय काय करता येते, ते एका वहीत टिपून ठेवावे. उद्या घट ओळखण्यास आईच्या त्या वहीएवढी मोलाची वस्तू दुसरी नाही. आणि एवढे करूनही डॉक्टरांना शंका उरली, तर रक्ताची साक्ष जरूर घ्यावी. मात्र सुई टोचण्यापूर्वी त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. रक्त त्याचे आहे.

"कळलं तर काय करू?" या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या मातेने द्यावयाचे नाही. लेजून हे निष्ठावंत कॅथलिक होते. १९९४ साली ते जीवनविषयक पोंटिफिकल अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी निवर्तले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. ज्या मुलांना बरे करावे म्हणून त्यांनी शोध लावला, त्याच शोधाच्या आधारे ती मुले जन्मापूर्वीच नाकारली जाऊ लागली, हे शल्य त्यांनी अखेरपर्यंत वागविले. 'आधी कळणे' हे दुधारी असते. माणूस टाकून देण्यासाठी आधी कळते, तसेच त्याला सांभाळण्याची तयारी करण्यासाठीही आधी कळते.

ही तयारी कोणती? आईवडिलांनंतर त्याचे कोण, हे भावंडांनी आजच एकत्र बसून ठरवावे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय आहे. घरातील वस्तूंच्या जागा व दिवसाचा क्रम बदलू नये. फीट आली तर घाबरून न जाता डॉक्टर गाठावा, कारण या विकारात ती वारंवार संभवते. आणि धर्मग्रामाने त्या मातेला रविवारची दोन तासांची विश्रांती मिळेल, एवढी माणसे उभी करावीत. पाळीपाळीने शेजारी बसणे, एवढेच ते काम आहे.

आपल्या स्नानसंस्काराची आठवण आपणांपैकी कुणालाच नसते. आईबापांनी, धर्ममातापित्यांनी, धर्मग्रामाने ती आपल्यासाठी जपलेली असते, आणि तरीही तो संस्कार पूर्ण असतो. जो आपले नाव, आपली प्रार्थना, आपल्या बाकाची जागा विसरू लागला आहे, त्याच्यासाठी या गोष्टी ध्यानात ठेवणे हे आता आपले काम आहे. रक्ताने वेळेवर साक्ष दिली, तर त्या कामाला आपणांस थोडा अधिक अवधी मिळेल.